कुत्र्याचं पान

ग्रीक देवांचं एक बरं असतं. ते शिकवताना वर्गात कोणी झोपत नाही. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात जेवणानंतरचा तास म्हणजे निम्मी मुलं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. पण आकाशदेव युरेनस आपल्याच पोरांना परत धरतीच्या पोटात कोंबतो, तिथवर गाडी आली की शेवटच्या बाकावरचा मोबाइलसुद्धा खिशात जातो. मग धरतीनं मुलाच्या हाती विळा द्यायचा, त्या क्रोनसनं बापाला निकामी करायचं, पुढं स्वतः बाप झाल्यावर भीतीपोटी आपलीच पोरं एकेक करून गिळायची आणि त्यातून वाचलेल्या झ्यूसनं त्याला पाताळात डांबायचं. एकदा एका मुलानं विचारलं, "मॅडम, याइच्यात वाटणीचा दावा चालू होता का?" माझे यजमान कोर्टात कारकून आहेत. घरी येऊन त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर बोलला पोट्टा. पहिले दिवाणी होता, मंग फौजदारी झाला."

मी इंग्रजी साहित्य शिकवते. या पुराणांवर आजवर इतकं बोलले आहे की त्यातले देव मला सासरच्या माणसांसारखे पाठ आहेत, कोण कोणावर रुसलंय आणि का, हे मी झोपेतही सांगेन. पण आज लिहायला बसले आहे ती एका कुत्र्यासाठी. गावठी, तांबूस, एका कानाचा तुकडा गेलेला. त्याची आठवण आली की मला माझंच तोंड बघावंसं वाटत नाही, आणि ती हल्ली रोज येते.

आमच्या घराच्या वरच्या माळ्यावर एक खोली आहे आणि तिच्यापुढं गच्ची. त्या खोलीत दवाखान्यातली एक नर्स भाड्यानं राहायची. तिशीची, कोरकू, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदच्या पलीकडच्या वस्तीतली. मला काकू म्हणायची, सासूबाईंना आजी. सासूबाईंच्या गुडघ्यांनी जिना कधीच सोडला होता, म्हणून रोज ड्यूटीवरून आली की आधी खाली त्यांच्या खाटेवर बसून त्यांचं बीपी बघायची आणि दोघी मिळून माझी चेष्टा करायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. आमचं बरं चाललं होतं.

उन्हाळ्यात तिचे वडील गेले. आई आधीच गेलेली. दिवस करून परत आली ती कुत्रा घेऊनच. वडिलांचा कुत्रा. घराला कुलूप लागल्यावर तो अंगणातून हलेना आणि खाईना, असं तिनं सांगितलं.

"थोडे दिवस काकू. सिडोली होयलोक."

सिडोली म्हणजे मेलेल्या माणसाला पितरांत मिळवायचा त्यांचा विधी. लाकडाच्या फळीवर चंद्र-सूर्य कोरून ती गाडतात. सगळे सोयरे गोळा व्हावे लागतात, जेवण घालावं लागतं, म्हणून कधीकधी वर्षही लागतं. तोवर गेलेला माणूस ना इकडचा ना तिकडचा. वडिलांचं आता तिच्याजवळ एवढंच उरलं होतं, हा कुत्रा. मी मोठ्या मनानं हो म्हटलं. मोठं मन करायला मला आवडतं, लोकांनी ते बघितलं तर जास्तच आवडतं.

कुत्रा गुणी होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायचा आणि नवखं माणूस दिसलं की एकदाच भुंकायचा. ती संध्याकाळी भाकरी टाकायची तेव्हा पहिल्या भाकरीचा पहिला तुकडा मोडून त्याला द्यायची आणि मगच स्वतः बसायची. एका रविवारी गच्चीवर दोघी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, हे काय गं, आधी कुत्रा मग तू? ती हसली. म्हणाली, "मान त्याचा हाये ना काकू. पहिला जीव त्याच्यात टाकला देवानं." आणि शेंगा सोलता सोलता तिनं मला जग कसं झालं ते सांगितलं.

"पहिले नुसते डोंगरच होते. सातपुडा सारा रिकामा. रावणानं पाह्यलं, एवढं रान हाये अन् माणूस नाही. त्यानं महादेवाले म्हटलं, इथं माणसं पाहिजेत. महादेवानं कावळ्याले धाडलं, लाल मातीचं वारूळ हुडकून ये म्हणे. कावळ्यानं हुडकलं. मंग महादेवानं त्या मातीच्या दोन बाहुल्या केल्या, एक माणूस, एक बाई, अन् वाळाले ठेवल्या. इंदराले भेव वाटलं, हे उठून बसले तं आपल्याले कोण इचारीन? त्यानं घोडे धाडले. घोड्याइनं बाहुल्या तुडवून टाकल्या. महादेवानं पुन्हा केल्या, पुन्हा तुडवल्या. मंग त्यानं त्याच मातीचा कुत्रा केला, त्याच्यात जीव टाकला अन् म्हणे, बस इथं. घोडे आले तं हा असा भुकला का घोडे पयाले. मंग बाहुल्या वाळल्या अन् उठल्या. आमी त्याइचे."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुमीबी त्याइचेच असान. दुसरे कुठून येतीन?"

मी ऐकता ऐकताच प्रमिथियसशी सोयरीक जुळवून टाकली होती. त्यानंही मातीचाच माणूस केला, त्यात अथीनानं श्वास फुंकला. तिथंही वरच्या देवाला ही मातीची जात डोईजड होईल असं वाटलं. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. असं काही सापडलं की मास्तर माणसाच्या अंगात येतं. मी म्हटलं यावर बोललं पाहिजे, कॉलेजात, सगळ्यांसमोर. ती म्हणाली बोला की. कुत्रा टरफलांत तोंड घालून बसला होता.

मग पितृपक्ष आला. सासऱ्यांची तिथी आमच्याकडे मनापासून होते. उडदाचे वडे, कढी, खीर, गवारीची भाजी, सगळं पहाटेपासून. नणंद खामगावहून येते. नैवेद्याची पानं वाढायची ती तीन, एक कावळ्याचं, एक गाईचं, एक कुत्र्याचं. गाईचं कोपऱ्यावरच्या गोठ्यात जातं. कावळ्याचं गच्चीच्या कठड्यावर. कुत्र्याच्या पानाची मात्र दरवर्षी पंचाईत. त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांनाही भाव चढलेला असतो, घरोघरी वडे खाऊन ती कुठं तरी सावलीत पडलेली असतात, आणि यजमान हातात पत्रावळ घेऊन यू यू करत फिरतात. त्या वर्षी मीच हसून म्हटलं होतं, यंदा हुडकायला नको, घरचंच आहे.

नर्स ड्यूटीवर गेली होती. पाहुणे येणार म्हणून जाताना कुत्र्याला खोलीच्या कडीला बांधून गेली होती. आम्ही पानं घेऊन वर गेलो. कावळ्याचं पान कठड्यावर ठेवलं, कुत्र्याचं खाली फरशीवर, त्याच्यापासून चार हातांवर. दोरी तिथवर पोचेना. मी यजमानांना म्हटलं, सोडा हो त्याला, सुखानं खाऊ दे. त्यांनी सोडलं.

कुत्रा स्वतःच्या पानाजवळून सरळ पुढं गेला. कठड्यावर पुढचे पाय टेकवले आणि कावळ्याच्या पानातली खीर, वडा, भात, सगळं साफ केलं. नणंद ओरडेपर्यंत पान चाटून झालं होतं. तो दचकून पायरीवर जाऊन बसला. मग एक कावळा आला, कठड्यावरून खाली उतरला आणि कुत्र्याच्या पानातला वडा घेऊन उडाला.

"घ्या," यजमान म्हणाले, "अदलाबदल झाली. बाबाले चालते. ते जिते होते तवाबी दुसऱ्याच्याच ताटातलं उचलत."

मला हसू आलं होतं. खरंच आलं होतं, ओठापर्यंत. पण नणंदेचे डोळे भरले होते. "वयनी, माह्या बापाचा घास कुत्र्यानं खाल्ला," ती म्हणाली. तिचं दुःख खोटं नव्हतं, ते मी आजही म्हणणार नाही. पुढं ती जे म्हणाली त्याला मात्र मी उत्तर द्यायला हवं होतं. "असल्या लोकायले खोली देल्ली का असंच होते. त्याइच्यात कुत्रं ताटात जेवते. तुमाले तं काही वाटतच नाही आता."

उत्तर अगदी सोपं होतं. अहो, तिनं बांधून ठेवला होता, आम्हीच सोडला. एवढंच वाक्य. वर्गात मी तास तास बोलते, एकही वाक्य अडत नाही. तिथं मी म्हटलं, "हो ना." आणि खाली जाऊन पाहुण्यांची पानं वाढली.

जेवणावळीत ती गोष्ट दोनदा सांगितली गेली. दुसऱ्या वेळेला कुत्र्यानं दोरी तोडली होती. मी दुरुस्त केलं नाही. उलट वाढता वाढता "बघू, काहीतरी करावंच लागेल" असं मीही म्हणाले, म्हणजे आपल्यालाही काही वाटतं हे पाहुण्यांना कळावं.

संध्याकाळी ती आली. मी जिन्यातच गाठलं तिला. मी घरात आमची वऱ्हाडीच बोलते, पण खोटं बोलताना माझी भाषा शुद्ध होते, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "हे बघ, माझं काही नाही. पण आईंना चालत नाही. बाबांचा घास होता तो, त्यांना फार लागलं आहे. तू त्याची दुसरीकडे सोय बघ."

सासूबाईंना काहीच लागलं नव्हतं. त्यांना यजमानांनी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पोट भरलं ना कोणाचं तरी?" आणि कुशीवर वळल्या होत्या.

"आजीले?" तिनं एवढंच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचा चुलतभाऊ पिकअप घेऊन आला. कुत्रा गाडीत चढेना. तिनं त्याला उचलून ठेवलं, भाकरीचा तुकडा दिला, तो त्यानं खाल्ला नाही. मी खिडकीतून बघत होते. गाडी वळली आणि मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. जिन्यावर केस नाहीत, माझ्याकडे शिकवणीला येणारी पोरं दचकत नाहीत, नणंदेचा फोन आला की सांगायला उत्तर आहे.

सासूबाईंनी एकदा विचारलं, "कुत्रं दिसत नाही वं?" मी म्हटलं, गावाकडे नेलं तिनं. ती आधीसारखीच यायची, बीपी बघायची. माझी चेष्टा मात्र कमी झाली. मला वाटलं कामाचा ताण असेल.

थंडीत कॉलेजच्या वाङ्मय मंडळात माझं भाषण झालं. विषय मीच दिला होता, मातीची माणसं. तिला आग्रहानं बोलावलं. ती ड्यूटी संपवून तशीच गणवेशात आली आणि मागच्या रांगेत बसली.

भाषण चांगलं झालं. हे सांगताना लाज वाटते, पण झालं. मी ग्रीकांच्या त्या सुरुवातीच्या पोकळीपासून आले. म्हटलं, बघा, ग्रीकांना आरंभी काहीच दिसत नाही, आ वासलेली पोकळी दिसते, कोरकूंना मात्र आधीपासून डोंगर दिसतो, कारण सातपुडा नसलेलं जग त्यांना कल्पनेतही आणता येत नाही. ग्रीक देव आपल्या पोरांना भितात, बाप लेकाला आणि लेक बापाला. इकडे घरातली भांडणं नाहीत, इकडे वर बसलेल्याला खाली कोणी नवं उभं राहिलेलं सोसत नाही. इंद्राला त्या दोन बाहुल्यांनी काही केलेलं नव्हतं. त्या अजून वाळल्यासुद्धा नव्हत्या. पण त्या उठतील एवढंच पुरे होतं. मुलं ऐकत होती. मग मी प्रमिथियसवर आले. त्यानं माणसासाठी अग्नी चोरला, त्याला कड्याला साखळीनं जखडलं आणि गरुडानं रोज येऊन त्याचं यकृत खाल्लं, ते रोज नव्यानं वाढत गेलं. इथं मी थांबले, पाणी प्यायले. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळतं. आणि म्हटलं, "ग्रीकांनी माणसाचा कैवारी म्हणून एक महाकाय टायटन उभा केला. आपल्या सातपुड्यातल्या माणसानं काय केलं? एक कुत्रा उभा केला. दारातला कुत्रा. आणि त्याचे उपकार तो आजही विसरलेला नाही, पहिल्या भाकरीचा पहिला तुकडा तो आधी त्याला देतो. कृतज्ञता कोणाकडून शिकायची, हे आपण ठरवायचं आहे."

टाळ्या पडल्या. प्राचार्य स्वतः उठून पुढं आले. मी मागच्या रांगेकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगायला हवं. मला काहीच वाटलं नाही. दोन्ही गोष्टी, ती भाषणातली आणि ती जिन्यातली, माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत होत्या आणि मधलं दार बंद होतं. बाहेर पडताना ती म्हणाली, "छान सांगतलं काकू. माहा बा असाच सांगत जाय." मी विचारलं, कुत्रा कसा आहे? "हाये," ती म्हणाली. "अंगणातच बसते."

ते दार उघडलं सासूबाईंनी. होळीच्या आधी सिडोली ठरली आणि तिनं आम्हाला बोलावलं. यजमानांना कोर्टातून सुटी मिळेना, म्हणून मी एकटी निघाले. सकाळी बॅग भरत होते तर सासूबाईंनी हाक मारली. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी स्वयंपाकाच्या बाईकडून ज्वारीची भाकरी करून घेतली होती, फडक्यात बांधून माझ्यापुढं धरली.

"हे त्याले दे."

"कोणाले?"

"कुत्र्याले. माह्या हातची खात होता तो. तू कॉलेजात गेली का येऊन बसे अथी खाटेखाली. माही अर्धी भाकर त्याचीच राहे. गेला तवापासून मले जेवण गोड लागत नाही."

मी फडकं हातात धरून उभी राहिले. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तुमी तिले कधी इचारलं नाही, काऊन नेला म्हणून?"

"इचारलं ना. नेला त्याच आठवड्यात इचारलं. म्हटलं, काऊन धाडला वं त्याले, राहू द्याचा होता. तं पोरगी म्हणे, आजी, गावाकडे घर उघडं हाये, राखणीले पाहिजे. मी म्हटलं राखणीचंच जनावर हाये, काय बोलाव आता."

म्हणजे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. आजीला कुत्रा चालत होता, आजीला तो हवा होता, हे तिला खाटेवर बीपी बघता बघता कळलं होतं, आणि त्यानंतर ती महिनोन्‌महिने माझ्याशी काकू काकू करत राहिली. ती मागच्या रांगेत बसून कृतज्ञतेवरचं माझं भाषण ऐकत होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी बसच्या खिडकीशी बसले, गाडी राजूर घाट उतरू लागली आणि माझं ते भाषण मला शब्दन्‌शब्द आठवायला लागलं. पाणी प्यायला थांबले होते तेसुद्धा. मलकापूर आलं, नांदुरा आलं, भाषण संपेना. शेजारची बाई म्हणाली, तब्येत बरी नाही का मॅडम? मी म्हटलं, गाडी लागते.

जळगाव जामोदहून पुढं जीपनं गेले. डोंगर जवळ आला. वस्तीत शिरताच ढोल ऐकू आला. तिचं घर शेवटचं, मातीचं, नुकतंच सारवलेलं. अंगणात मांडव आणि खूप माणसं. बाया, म्हातारे, पोरं आत-बाहेर करत होती. कोपऱ्यात ती कोरलेली फळी उभी करून ठेवली होती, वर चंद्र, सूर्य, खाली एक घोडेस्वार. आणि अंगणाच्या तोंडाशी तो कुत्रा बसला होता.

माझ्यापुढं जीपमधलीच चार माणसं आत गेली. त्यानं मान वर केली नाही. मी पाऊल टाकलं आणि तो उठला. तो भुंकला, आमच्याकडे भुंकायचा तसं एकदाच नाही, थांबेचना. दात दाखवत पुढं पुढं आला, आणि मी मागं मागं सरत रस्त्यावर गेले. ढोल थांबला. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. तो अंगण आणि मी यांच्यामध्ये उभा होता आणि मला आत येऊ देत नव्हता. बाहुल्या तुडवायला घोडे आले होते तेव्हा तो असाच उभा राहिला असेल. एवढ्या वेळा ती गोष्ट मी मनात घोळवली, लोकांना सांगितली, आणि त्यात मी कोण आहे हे मला कोणी विचारलं असतं तर मी अर्थातच बाहुलीकडे बोट दाखवलं असतं.

ती धावत आली. त्याच्या मानेभोवती हात टाकून खाली बसली. "उगी, उगी." मग मला म्हणाली, "नवं लुगडं पाहून करते काकू. ओळखलं नसन त्यानं."

"ओळखलं त्यानं," मी म्हटलं.

मी पिशवीतून फडकं काढलं, भाकरी त्याच्यापुढं जमिनीवर ठेवली आणि मागं सरले. त्यानं बघितलं नाही. आमच्याकडे दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही तर घरचे लोक हात जोडून उभे राहतात. गेलेल्याचं काय राहिलं असेल ते एकेक आठवून बोलतात. अमक्याचं लग्न करू, तमकीला सांभाळू. कावळा हलेपर्यंत बोलत राहायचं. मी तशीच उभी होते, आणि मलाही काही तरी बोलायचं होतं. आधी मी म्हटलं, आईनं धाडली आहे भाकरी. मग म्हटलं, आईले करमत नाही तुझ्याशिवाय. खरं होतं, पण पुन्हा मी आईंच्याच आड उभी होते. कुत्रा गुरगुरला.

"त्याले मीनं काढलं वं," मी तिला म्हटलं. "आईनं नाही. आईचं नाव मीनं घेतलं. त्या दिवशी त्याले सोडलंबी आमीच होतं."

"माहीत हाये काकू."

"मंग आईले काऊन नाही सांगतलं?"

ती कुत्र्याची मान खाजवत होती. "आजीले लागलं असतं. त्याइच्या नावावर त्याले घराबाहेर काढलं हे समजलं असतं तं भाकर गेली नसती त्याइले. तुमच्यासाठी नाही लपवलं मी."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती पेशंटला सांगतात तसं सांगत होती.

"आता घेऊन चल त्याले," मी म्हटलं. "गच्ची त्याचीच हाये. कोणी काही म्हटलं तं मी पाहून घेईन."

"बदली घेतली मी. इथंच, खालच्या गावात. पुढच्या महिन्यात खोली सोडून राह्यली. हे झाल्यावर तुमाले सांगणारच होती." मग म्हणाली, "आजीचं बीपी रोज पाहात जा. मशीन देऊन जाईन मी."

ढोल पुन्हा सुरू झाला. कोणीतरी तिला हाक मारली. तिनं जमिनीवरची भाकरी उचलली, झटकली, मोडली. पहिला तुकडा कुत्र्यापुढं धरला. तिच्या हातातून त्यानं तो घेतला आणि खाल्ला. मग दुसरा. उरलेली अर्धी तिनं माझ्या हातावर ठेवली.

"खा. सकाळपासून उपाशी असान तुमी."

ती आत गेली. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून आईंची ती भाकरी खाल्ली. तो अंगणाच्या तोंडाशी बसून माझ्याकडे बघत राहिला.